बाणकोटपर्यंत, दोघंच

भोर, पौष वद्य पंचमी, १९३८

प्रिय बना,

पत्र फाडणार असशील तर फाड, पण आधी वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची वेळ तुझ्यावर येणार नाही. गोठ्याच्या दगडावर कोळशानं तुला मीच अक्षरं गिरवायला लावली होती, आणि आई ओरडायची, "म्हशी काय पोथी आयकून दूध देत्यात व्हय रं सोनबा?"

मला तुला समुद्र दाखवायचा आहे. हसू नकोस. अवसेनंतरच्या तिसऱ्या दिवशी आपण निघू. तू वेल्ह्याहून तांबडं फुटताना बैलगाडीत बस. गेनूकाकाला मी निरोप धाडला आहे. गाडी तोच हाकेल. दिवस कलताना कापूरहोळला पोचशील. मी तिथं फाट्यावर उभा असेन. तिथून मोटारीनं भोर. माझ्या शेजारी बसायचं नसेल तर मी टपावर बसतो. घाटात चालायची वेळ आली तर तू दहा पावलं पुढं चाल, मी मागून येईन. जे म्हणशील ते. फक्त ये.

भोरात रात्री नजीरकडं उतरायचं. महाडपर्यंत मोटार तोच चालवतो. त्याची बायको साबिरा तुला शिधा, कोरी मडकी आणि वेगळी चूल देईल. हे लिहिताना मला लाज वाटते. एका पंगतीत बसा म्हणून गावोगाव ओरडत फिरलेला माणूस मी! पण माझी मतं मी तुझ्या ताटात वाढणार नाही. एकदा वाढली, तेवढं पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी हिरडोशीवरून वरंध घाट. माथ्यावर नजीर मोटार थांबवील. खाली दऱ्याच दऱ्या आणि त्यांच्यापलीकडं कोकणची सपाट भातखाचरं, कापणीनंतर पिवळी पडलेली. मग महाड, तिथून दासगाव. दासगावला ओहोटी लागली की होडी सुटते आणि खाडीच्या वळणावळणानं बाणकोटला लागते. तिथं पाणी मोकळं होतं. तू म्हणशील, आपल्या वाडीवरून मढे घाट जवळ असताना हा वळसा कशाला? बने, मढे घाटाखाली कुणाचं गाव आहे ते तुला माहीत आहे आणि मलाही. त्या गावाच्या पाणवठ्यावरून तुला न्यायची माझी छाती नाही.

म्हादू त्या मढे घाटाच्याच वाटेची गोष्ट सांगायचा ना तुला? तांदूळ घेऊन वर यायचा आणि तुपाचे डबे घेऊन उतरायचा. एकोणिसाव्या वर्षी तू विधवा झालीस. चार वर्षांनी एक दिवस मला गवताच्या गंजीआड बोलावून म्हणालीस, "दादा, म्हादू पाट लावतो म्हनतोय. समिंदर दावीन म्हनतोय. पर तू कुनाला बोलू नगंस." आपल्यात विधवेचं दुसरं लग्न, पाट, कसा लागतो हे मला ठाऊक नव्हतं का? चार माणसांत, गुपचूप. लागेपर्यंत शेजारणीच्याही कानावर जाता कामा नये. नाहीतर दोन्हीकडची भावकी उठते. सगळं ठाऊक होतं. आणि आठ दिवसांनी वेल्ह्याच्या बाजारात, पोत्यांच्या थप्पीवर चढून मी विधवांच्या हक्कावर बोललो.

चारशे माणसं होती. मागून कुणीतरी टोमणा मारला, "दुसऱ्याच्या घरचं बोलतोस, तुझ्या घरी काय हाय?" बने, त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. मी छाती ठोकून म्हणालो, "माझी सख्खी बहीण पाट लावणार आहे आणि मी तिच्या पाठीशी उभा आहे!" केवढ्या टाळ्या पडल्या! त्या टाळ्यांत मला मिठाच्या दुकानापाशी उभी असलेली तू दिसली नाहीस. चौथ्या दिवशी म्हादूचा थोरला भाऊ घाट चढून आला आणि आईला म्हणाला, "जिचा पाट बाजारात वाजला, ती आमच्या घरात काय नांदायची?" त्या वैशाखात म्हादूचं दुसरीकडं लागलं.

तत्त्व खरं होतं. आजही खरं आहे. मनुष्याला पुन्हा जगण्याचा हक्क... पाहा, परत भाषण सुरू झालं. ग्रंथांनी कपाट भरलं, पण सख्ख्या बहिणीचं एक वाक्य मला पोटात ठेवता आलं नाही.

नऊ वर्षं झाली. आईच्या तेराव्याला आलो तेव्हा तू माझ्या ताटात भाकरी टाकलीस आणि पाठ केलीस. नंतर दोनदा आलो. तू गुरांमागं डोंगरात निघून गेलीस आणि इकडं मी तोंड उघडायच्या आत ओटा माणसांनी भरला. "सोनबा आलाय, बोलंल कायतरी!" मला त्यांच्यापुढं बोलायचं नव्हतं गं.

दिवाळीपासून मी एकही सभा घेतलेली नाही. तुझ्या कानावर आलं असेल. लोक म्हणतात सोनबा भ्यायला. घसा बसला आहे म्हणून मीही काढे पीत राहिलो. गेल्या आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरांनी आरसा घालून आत पाहिलं. गाठ आहे आणि ती वाईट आहे. माघी पौर्णिमेनंतर मुंबईला कंठ कापून काढायचा आहे. जगलो तरी आवाज राहणार नाही. नजीर म्हणाला, "भोरातली कुत्री तरी निवांत झोपतील," आणि मोटारीखाली शिरून रडत बसला. आताच शब्द फाटके निघतात. रोज थोडे कमी होतात. ज्या आवाजानं चारशे माणसांपुढं तुझा घात केला, त्याच आवाजात तुझ्या एकटीपुढं मला माफी मागायची आहे, जिथं ऐकायला दुसरं कुणी नसेल अशा जागी. कागदावरची माफी मी धरत नाही. कागद कुणीही लिहितो. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. तिथं उभी राहून "न्हाई" म्हण. पण ऐकून म्हण, बने. माझ्याकडं पंचवीस दिवस आहेत.

तुझाच, तू मान अगर नको मानूस,
सोनबा