ताईच्या दुकानातला प्रदेशाध्यक्ष

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (प्रदेशाध्यक्ष झालो तरी तुझ्यापुढे धाकटाच) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? निवृत्तीनंतर भाऊजींचा घरात जीव रमतो का? इकडे घरचे सगळे ठीक आहेत. मी पक्षात आहे. दुकान मात्र ठीक नाही, ते पुढे सांगतो.

तू फोनवर विचारलंस, "अरे, तू शिंपी माणूस, तुला प्रदेशाध्यक्ष केलं कुणी?" तेव्हा आजूबाजूला सोळा कार्यकर्ते होते, म्हणून नुसता हसलो. खरं सांगू? तू केलंस.

ट्रायल घेताना टाचण्या ओठांत धरायला तूच शिकवलंस. (एकदा गिळता गिळता वाचलो, तेव्हा पाठीत धपाटाही तूच घातलास.) तर पक्षाचे दोन मोठे नेते, एक जाडे आणि एक उंच, दोघंही आपलीच गिऱ्हाइकं. दोघांमधून विस्तव जात नाही. जाडे सकाळी ट्रायलला आले की उंचांचा उद्धार करायचे, उंच दुपारी येऊन जाड्यांचा. मी आपला पाठीमागे उकिडवा बसून "हं" करायचो, कारण तोंडात आठ टाचण्या. जाड्यांना वाटलं, हा आपला माणूस. उंचांना वाटलं, एक तरी समजूतदार प्राणी भेटला. शिवाय जाड्यांच्या कमरेचं माप मी उंचांना कधी सांगितलं नाही (फार खोदून विचारायचे). त्यामुळे अध्यक्षपदावरून अडलं तेव्हा दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा एकच नाव सुचवलं. हे सांगायला सगळे दुकानात आले, तेव्हा मी कुणाची तरी बाही लावत होतो. नाही म्हणायला टाचण्या काढेपर्यंत टाळ्या वाजूनही गेल्या. (पक्षाचा सभासद मी त्यानंतर दुपारी झालो.)

पहिल्याच बैठकीत एक जिल्हाध्यक्ष राजीनामा फडकवत उभे राहिले. मला भाषण कुठलं यायला! डोळ्यांना दिसलं ते बोललो, की तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे, कोट शिवणाऱ्याने बघितलेलं नाही. ते राजीनामा विसरून आरसा शोधायला लागले. आता राज्यभरातून नाराज मंडळी येतात आणि मी टेप काढतो. वर्तमानपत्रं याला संघटनकौशल्य म्हणतात. गिऱ्हाईक ओरडत आलं तर आधी त्याला सरळ उभं करावं, हे तुझं शिकवणं आहे हे त्यांना कुठून माहीत असणार?

ताई, बाबा गेल्यावर दुकान तू चालवत होतीस. तुझं कटिंग माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. तरी मला कुठे नोकरी लागेना म्हणून तू दुकान माझ्या स्वाधीन केलंस आणि सासरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उशांचे अभ्रे शिवत बसलीस. मी तेव्हा फक्त "बरं" म्हणालो. आभार मानायचे राहिले ते सत्तावीस वर्षं राहिले. आज मानतो. मी जो काही आहे तो तुझ्यामुळे आहे.

पण त्या दुकानाला आता आठवड्यातून चार दिवस कुलूप असतं. एका नवरदेवाचा कोट लग्नानंतर अकराव्या दिवशी दिला. पक्ष म्हणतो, जागा मोक्याची आहे, पहिल्या तारखेपासून कार्यालय करू, कटिंगचं टेबल मोडीत काढू. मी अजून काही बोललो नाही. (त्यांनी तो होकार धरलाय.)

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र आभाराचंच आहे, पण एक काम आहे. पहिल्या तारखेच्या आत ये आणि दुकान ताब्यात घे. पाटीवर मालक म्हणून तुझं नाव रंगवायला टाकलंय. विचारलं नाही, कारण तू नकोच म्हणाली असतीस. तुला त्या टेबलावरून उठवायची हिंमत जाड्यांत नाही आणि उंचांतही नाही.

आणखी एक. माझं पद दोन वर्षांचं आहे. त्या दोघांचं आपसांत जमलं तर दोन महिन्यांचं. त्यानंतर मला कामावर ठेवशील ना? काजं-बटणं करीन. कटिंगला हात लावणार नाही.