नोएलियाची पट्टी आणि माझं बटण

सोमवार, १० नोव्हेंबर

पट्टी आली! राजधानीहून, असुन्सिओनहून, दुपारच्या बसने. नोएलियाने खोका उघडून नुसती बोटं फिरवली आणि हसली. माझी नात अशी हसली की मला दुसरं काही सुचत नाही. तीन डझन चिपा भाजल्या, चीजचे छोटे पावच ते. चीज जरा जास्तच पडलं.

शनिवारी नऊ वाजता रेडिओवर तिची परीक्षा. बातम्या वाचायच्या, हातात येतील तशा. घरी लॅपटॉप तिला सगळं बोलून दाखवतो, पण माइकपुढे तोही बोलायला लागला तर लोकांनी ऐकायचं कुणाचं? म्हणून ही ब्रेलची पट्टी. लॅपटॉपवरची ओळ हिच्यावर ठिपक्यांनी वर येते. बोटांनी वाचायचं, तोंडाने बोलायचं. मी तिसरी शिकलेली, मला एक ओळ वाचायला चष्मा आणि अर्धा तास लागतो.

संकल्प: या आठवड्यात मधे मधे करायचं नाही.

मंगळवार, ११

पट्टी मुकीच. लॅपटॉपला ती दिसतच नाही म्हणे. अंध संघटनेच्या बासिलियो मास्तरांना फोन लावला. ते स्वतः जन्मांध, पण सगळ्या जिल्ह्याचे कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करतात. बायको गेल्यापासून बारीक झालेत, चिपा पाठवायला हव्यात. ते म्हणाले, केबल आधी जोडलीत, तिथंच चुकलं. जुनं सगळं काढा, आधी ड्रायव्हर, म्हणजे पट्टी ओळखणारा प्रोग्राम टाका, केबल शेवटी. फाइल मोठी, आमचं नेट बैलगाडीचं. नोएलियाने सुरू करून दिलं, हेडफोन काढले आणि दुपारची आडवी झाली.

नशीब मी जागी होते. दीड वाजता बघते तर लॅपटॉप गेलेला! स्क्रीन काळी ठिक्कर, आवाज नाही, काही नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं, दहा आकडे मोजले, पुन्हा दाबलं. आला बाई उजेड! मग परत काळोख झाला, पण तो निवांत वाटला. नोएलियाला सांगितलं नाही. उगाच घाबरली असती.

बुधवार, १२

ड्रायव्हर अर्ध्यातच तुटला म्हणे. हल्लीच्या वस्तूच तशा. मास्तर दोन तास फोनवर. दुसरा कुठला प्रोग्राम पट्टी धरून बसलाय का? केबल दुसऱ्या भोकात लावून बघितली का? नोएलिया पटापट कळा दाबत होती. शेवटी पुन्हा सगळं काढून दुपारी नव्याने लावलं.

लॅपटॉप आजही गेला. आज दोनदा बटण दाबावं लागलं. हात बसलाय माझा.

रात्री नोएलियाने चिपाला हात लावला नाही. हळूच म्हणाली, "पट्टी चालली नाही तर मी शनिवारी जाणार नाही, आजी. बातम्या काही पाठ करून येत नाहीत." दोन वर्षं टेलिफोनवरच्या नोकरीत लोकांची बोलणी खाल्लीत पोरीने. मी मनात म्हटलं, मी आहे ना.

गुरुवार, १३

मास्तर म्हणाले, रोज दीडच्या सुमारासच कसं तुटतं? वीज जात असणार. मलाही पटलं. नोएलियाने वीज कंपनीला फोन करून झापलं. मीही मागून दोन शब्द सुनावले.

दुपारी एकदाच बटण दाबलं. दोन दिवस उरले.

शुक्रवार, १४. दुपारी दोन

आज नोएलिया झोपली नव्हती. टेबलामागे गार फरशीवर बसून होती, मला दिसलीच नाही. मी बटणाकडे बोट नेलं आणि तिने मनगट धरलं.

"काय करतेस, आजी?"

म्हटलं, जिवंत करतेय. रोज करते.

तिने मनगट सोडून कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "लॅपटॉप चालूच असतो, ती स्क्रीन मीच बंद ठेवते. मला तिचा काय उपयोग? बॅटरी वाचते, आणि बसमध्ये कुणी डोकावत नाही. सात वर्षं झाली."

सात वर्षं! मग सांगायचं नाही का? ती म्हणाली, विचारायचं नाही का? मास्तरांना कळवलं तर ते हसता हसता खोकायलाच लागले.

शुक्रवार, संध्याकाळी

मला माझ्या बहिणीकडे, एउसेबियाकडे पाठवलंय. पाहुणचाराला, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी निघाले आणि चाळीस मिनिटांत ड्रायव्हर बसला. पट्टी बोटाखाली चालतेय, एकेक अक्षर. म्हणजे माझ्या जाण्याचा उपयोग झालाच.

उद्या सकाळीही इथंच राहा, नोएलिया फोनवर म्हणाली.

शनिवार, १५

नऊ वाजता रेडिओ लावला. दहा मिनिटं वाचलं तिने. पुराची बातमी, फुटबॉल, ऊसवाल्यांचा संप. कुठे अडखळली नाही. लगेच घेतलं तिला, सोमवारपासून! मी एउसेबियाच्या गळ्यात पडून रडले.

मग त्या रेडिओवाल्याने गप्पा काढल्या. नवं यंत्र चालवायला जड गेलं का, म्हणून विचारलं.

नोएलिया म्हणाली, "यंत्र सोपं आहे. बिघाड शोधायलाच चार दिवस गेले. सध्या तो बहिणीकडे बसून रेडिओ ऐकतोय."

मी एउसेबियाला म्हटलं, आवाज बारीक कर. तिने वाढवला, आणि खिडकीही उघडली.