पैलवाना, कुणावर भुंकायचास?

माझ्या लाडक्या पैलवाना,

आज दुपारी फरशीवर तुझ्या नखांची टकटक ऐकली. पिठाचे हात तसेच घेऊन मी दाराशी आले. कुणीच नव्हतं. ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "तुलाबी ऐकू आलं व्हय?" त्यांनाही आलं होतं! मग राहवेना, लिहायला बसले.

तू गेलास हे कळतं रे मला. पण तुझ्यातला तू त्याच्या कितीतरी आधी निघून गेला होतास. तो कधी गेला?

दिवाळीनंतर तुला ऐकू येईना. डोळ्यांवर साय धरली. मग संध्याकाळ झाली की तू रस्ता ओलांडून आपल्या विकलेल्या भातखाचराकडे जायला लागलास. तिथं आता बिल्डरनं पत्रे ठोकलेत. त्या पत्र्याला नाक लावून तू भुंकत राहायचास. कुणावर रे? पलीकडे नुसता खड्डा! वॉचमन ओरडायचा, "भाभी, आपका कुत्ता!" की मी पट्टा घेऊन धावायचे.

एकदा तू मागे वळलास आणि माझ्यावरच गुरगुरलास. पिल्लू असताना माझ्या पदरात झोपायचास तू! मला ओळखलं नव्हतंस ना? की ओळखून गुरगुरलास? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

पौडहून जनावरांचे डॉक्टर आले. तुझं पोट दाबून, हिरड्या बघून म्हणाले, "आजार असा काही नाही, म्हातारपण आहे. कुत्रीही माणसांसारखीच विसरतात. आता याचं खाणं सुटेल. जबरदस्ती करू नका. कण्हायला लागला तर मात्र लगेच फोन करा."

मला पटेना. गोठ्यात तुझ्यापाशी बसून दूधभात पातळ करून सिरिंजनं तुझ्या तोंडात घालत राहिले. तू मान फिरवायचास, दूध गळ्यावरून ओघळायचं. शेवटी सासूबाईंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं. त्याला भूकच न्हाई. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून कोंबतियास व्हय?"

मला रडू फुटलं. त्या गुडघे धरत तुझ्याशेजारी टेकल्या. "माझ्या टायमाला बी आसंच कर. तोंडात कोंबू नगंस. नुसती जवळ बस."

मी पदरानं तुझा गळा पुसत राहिले.

त्यानंतर आम्ही फक्त तुझे ओठ ओले करत होतो. गोठ्यात तू भिंतीकडे तोंड करून पडलेला. कण्हला नाहीस कधी. तुझा श्वास मध्येच थांबायचा, आम्ही दोघी आपापला धरून ठेवायचो, मग तुझा पुन्हा सुरू व्हायचा. सकाळी ऊन आत आलं तेव्हा तो सुरू झालाच नाही. इतकंच? एवढ्या दांडग्या पैलवानाचं जाणं इतकं हलकं?

शेवग्याखाली पुरलं तुला. सासूबाईंनी वर स्वतःच्या हातानं माती लोटली.

आणि काल त्यांनी मला हाक मारली ती त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं. "शेवंते, कुटं हायेस गं?" तरी मी ओ दिली.

त्या दिवशी गोठ्यात त्यांना मी उत्तर दिलं नव्हतं. ते तुला देते. डॉक्टरांना दाखवीन, दुखणं असेल तर औषध देईन. पण मला ओळखा म्हणून त्यांना हलवत बसणार नाही. ज्या नावानं हाक मारतील त्या नावानं ओ देईन, आणि शेवटपर्यंत जवळ बसेन.

तुझी,
नंदा