‘मस्ट’ म्हणजे मस्ट

६ जून
नापास! दुसऱ्यांदा! गाईडच्या परवान्याची तोंडी परीक्षा. परीक्षक बाई म्हणाल्या, "तुम्ही पाहुण्यांशी बोलत नाही, हुकूम सोडता." असं काय म्हटलं मी? यू मस्ट ईट. यू मस्ट स्लीप. यू मस्ट लाइक अवर माउंटन्स. मग? आवडायलाच हवेत!

सोळा वर्षं याच डोंगरांत गिर्यारोहकांच्या तळावर रांधतेय. वाट ठाऊक, नदी ठाऊक. अडले कुठे, तर एका शब्दापाशी.

९ जून
शेजारच्या रखात एजेंकडे गेले; एजे म्हणजे थोरली ताई. काराकोल शहरातल्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं त्यांनी. बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या; तळता तळताच शिकवलं. "हे बघ सायरा, सून घरात आली. यू कुड हेल्प — वाटलं तर मदत कर, मर्जी तुझी. यू शुड हेल्प — करावीस गं, बरं दिसतं. यू मस्ट हेल्प — ऊठ!"

"माझी सासू उठल्यासुटल्या तेच म्हणायची."

"म्हणूनच तुला तेवढंच येतं!"

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचं होतं का, कोण जाणे.

१४ जून
कणीक मळताना शुड, दूध काढताना शुड. घोड्याशीसुद्धा शुड! नवरा म्हणतो, "घोडा तुझं ऐकेनासा झालाय."

१९ जुलै


सहा जणांचा गट. गाईड उलारबेक — इंग्रजी कसं, लोण्यासारखं. दुपारी तीनला नदीपाशी पोचलो. बर्फाचं पाणी; सकाळी गुडघाभर, दुपारी खवळतं. गटातला इंग्रज डॉक्टर हॅरल बूट काढायला लागला. उलारबेक गोड आवाजात म्हणाला, "यू कुड वेट टिल मॉर्निंग." डॉक्टर हसला. थांबता येईल म्हणे, म्हणजे नाही थांबलं तरी चालेल! "यू शुड वेट," उलारबेक पुटपुटला. तोवर याचा एक पाय पाण्यात.

मी भांड्यांचा घोडा सोडला. सरळ त्याच्यापुढे उभी राहिले. "यू मस्ट नॉट!"

"हा हुकूम आहे?"

"येस."

फणफणत बूट चढवले त्यानं. अर्ध्या तासात पाणी कमरेच्या वर! तळातून धोंडे गडगडत चाललेले, ऐकू येत होते.  मग डॉक्टर माझ्या किटलीशी आला, कप पुढे केला. "मे आय?" घेऊ का, म्हणून मला विचारतोय — मला!

"यू मे," म्हटलं.

२ सप्टेंबर
तिसरी परीक्षा. त्याच बाई. "पाहुण्याला उंचीचा त्रास झाला तर?"

म्हटलं, नुसतं डोकं दुखत असेल तर यू शुड रेस्ट. पण जीभ अडखळली, चालताना झोक गेला, तर वुई मस्ट गो डाउन. तिथल्या तिथे. त्याला पटो न पटो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पुढचं विचारत नाही."

पास! पास! पास! सत्तरीच्या रखात एजे भर रस्त्यात नाचल्या!

५ सप्टेंबर
तळाच्या मालकांनी परवाना उलटसुलट करून पाहिला. "झकास! भिंतीवर लाव. वाट उलारबेक दाखवेल, तू आपली चूल सांभाळ."

"आय वोन्ट."

त्यांना इंग्रजी येत नाही. मग आपल्या भाषेत सांगितलं — नाही सांभाळणार. शेवटी त्यांनी गटांची वही माझ्यापुढे सरकवली. सोमवारी सात जणांना घेऊन निघतेय. गट माझा.