ऋतुमंगल चूर्ण, दोन चमचे

१२ जून, सकाळ
एक्केचाळीस दिवस झाले, पाळीचा पत्ता नाही. डॉक्टर वसावडा म्हणाल्या, पीसीओएस आहे. गोळ्या घे, रोज पाऊण तास चाल, गाठिया बंद. गाठिया बंद! भावनगरात बसून! बाईंच्या स्वतःच्या टेबलामागे गाठियाचा पुडा होता, मी डोळ्यांनी पाहिला.
गोळ्या कचऱ्यात. केमिकल नुसतं. उद्यापासून ऋतुमंगल चूर्ण. सुरतच्या तरलामासीने पाठवलंय, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती हेच विकते. शंभर टक्के वनस्पतींचं, पुड्यावर हिरवा ठिपका. एकवीस दिवसांत पाळी. ३ जुलैला लाल गोल केला.
फोरमभाभीला, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, हाच आजार. ती मुकाट डॉक्टरांच्या गोळ्या गिळते. गिळू दे.

१४ जून
चूर्ण भयंकर कडू. मासी म्हणते, "कडू लागतंय ना? म्हणजे आतला कचरा सापडला त्याला." गुळाबरोबर घेतलं. जमेना. जलेबीबरोबर जमलं.

१९ जून
संध्याकाळचा डोस रोज राहतो. सूर्य बुडाल्यावर आम्हा जैनांत तोंडात काही घालत नाहीत, आणि बुडायच्या आत बांची ताटं वाढायची की चूर्ण कालवायचं? बा म्हणजे सासूबाई; त्यांच्यापुढे चूर्ण कोण कालवणार? धर्म मोडून औषध घेणाऱ्यातली मी नाही.
चालायचे बूट आणले. छान आहेत.

२६ जून
भाभी म्हणाली, "ख्याति, चल ना गं माझ्याबरोबर चालायला, एकटीला कंटाळा येतो." कंटाळा कसला! शेजारी मला चालवून स्वतः बारीक दिसायचं असेल.

३ जुलै
लाल गोल. काही नाही.
मासी म्हणते, एकवीस दिवस चूर्ण अंगात मुरायलाच लागतात, काम त्यानंतर सुरू होतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? असो. आजपासून दिवस मोजणं बंद. मोजलं की शरीर घाबरतं.

१५ जुलै
भाभीची पाळी आली. वेळेवर! आता तीन दिवस ती स्वयंपाकघराबाहेर चटईवर मोबाइल घेऊन बसणार आणि थेपले मी लाटायचे. वर बा म्हणतात, "फोरमला गोळ्या चांगल्या लागू पडल्या हं."
अंगाचा तिळपापड झाला. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग गाठिया खाल्ले, तळलेल्या मिरचीसकट.

२४ जुलै
पकडलं! घोघा सर्कलला भाभी दाबेली खात होती. बटाट्याची! त्याच गाडीवर कच्च्या केळ्याची जैन दाबेली मिळते, पण नाही. जमिनीखालचं काही खायचं नाही, एवढा साधा नियम, तोही पाळवत नाही. म्हणाली, "बांना सांगू नकोस."
मी सांगितलं नाही. जेवताना फक्त म्हणाले, "कंदमुळं खाणाऱ्यांना औषधं बरी लागू पडतात." बांनी भाभीकडे पाहिलं, भाभीने ताटाकडे. जेवण फार चवदार झालं होतं.

२ ऑगस्ट
मासीने ग्रुपवर विचारलं, "भावनगरच्या ख्यातिची काय खबर?" दोनशे बायका वाचत होत्या. माझ्या बोटांनी लिहिलं: आली!
आता बांनाही सांगावं लागलं. चटईवर बसले. तीन दिवस स्वयंपाक नाही, देरासरात देवदर्शन नाही. ही थाप नव्हे. शरीराला आठवण करून देतेय.

४ ऑगस्ट
तिसरा दिवस. थेपले भाभी लाटते. नुसती माझ्याकडे बघते. जळत असणार.
शरीराला अजून आठवलेलं नाही.

२० ऑगस्ट
साध्वी उतरतात त्या उपाश्रयाच्या महिला मंडळात नऊ जणींना चूर्ण सुरू करून दिलं. सत्तरीच्या वसुमतीबेननी गुडघ्यांसाठी मागितलं. त्यांनाही दिलं, चांगलं ते सगळ्याला चांगलं. मला आता "वैद्यबेन" म्हणतात.
डोक्यावरचे केस गळतायत, हनुवटीवरचे वाढतायत. चिमटा हाताशी ठेवलाय. विष बाहेर पडतंय, दुसरं काय.

३१ ऑगस्ट
पर्युषण सुरू. आठ दिवस हिरवी भाजीसुद्धा बंद. मी गरम पाणी आणि चूर्ण. माझ्याइतकं शुद्ध पोट आख्ख्या भावनगरात नसेल.

४ सप्टेंबर
लिहवत नाही.
उपाश्रयातलं व्याख्यान संपल्यावर वसुमतीबेननी पुडा काढला, भिंग काढलं, आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. "शतावरी, मूळ. अश्वगंधा, मूळ. ज्येष्ठमध, मूळ." नऊ जणी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, वाळवलेलं आहे, सुंठ नाही का चालत? त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी सुंठसुद्धा सोडलीय. तू मला पर्युषणात मुळ्या चारल्यास." एक जण रडायला लागली.
मासी फोन उचलत नाही. ग्रुपमधून मला काढून टाकलंय.
बांनी स्वयंपाकघरातला पुडा बाहेर नेऊन टाकला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ सप्टेंबर, संवत्सरी
आज वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. सगळ्यांना एकच मेसेज ठरवला: कमळाचं चित्र आणि "जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर". जाणता काय नि अजाणता काय, सगळं त्यात येतं. भाभीलाही तोच, शेजारच्या खोलीत असली तरी.
पाठवायच्या आधीच ती आत आली. मी उभ्याउभ्या हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" उरकलं. तिने हात जोडले नाहीत. दार लोटलं.
म्हणाली, "ते राहू दे. तू चटईवर बसलीस तेव्हा कपाटातलं पॅडचं पॅकेट मी रोज बघत होते. तिन्ही दिवस सील फोडलं नव्हतंस. खरे किती दिवस झाले?"
भांडायला तोंड उघडलं. बोटांवर मोजायला लागले, दोनदा चुकले. मग तीही माझ्याबरोबर मोजायला लागली, जून, जुलै, ऑगस्ट.
एकशे अठ्ठावीस.
हा आकडा मी मोठ्याने म्हटला आणि पहिल्यांदा घाबरले. मला आत काय झालंय, मला मूल होईल की नाही, हे सगळं एकदम विचारलं तिला. तिला तरी काय माहीत? ती म्हणाली, "मलाही तीच भीती वाटायची." आणि डॉक्टरांना फोन लावून उद्या दहाची वेळ घेतली, दोघींसाठी.
भाभी मला अजूनही आवडत नाही. ती जायला उठली, तेव्हा मी म्हणाले, जरा वेळ बस.