मितानाचं नाव

सालेकसा
१२ ऑगस्ट २००४

ती. सौ. अन्नपूर्णाबाईस,
तुझ्या भावाचा, नंदलालचा सा. न. वि. वि.

माझ्या हाताने आतापर्यंत काय काय झालं ते आधी लिहितो, म्हणजे भाऊजींना वाचून दाखवशील. जुन्या सायकलींची चाकं लावून कॅमेऱ्याची गाडी केली. तिच्याखाली साडेबावीस फूट पाइपाचे रूळ, मधलं अंतर एकवीस इंच, सुताचाही फरक नाही. तेलाचे डबे कापून चार दिव्यांना उजेड फेकणारे पत्रे केले. बांबूच्या टोकाला माईक बांधला, त्याला पुष्पाच्या जुन्या शालीचं टोपरं. आणि सत्तेचाळीस पानांची गोष्ट, तीही माझीच. सातवी नापास माणूस लग्नाच्या कॅमेऱ्यावर सिनेमा करून राहिला म्हणून गाव हसते. हसू दे. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की तिथंच पडदा लावतो.

गोष्ट दोन मितानांची आहे. कानावर भोजलीचे, टोपलीत उगवलेल्या गव्हाचे, कोंब खोवले, नारळ बदलले, की जन्मभर एकमेकाचं नाव घ्यायचं नाही, मितान म्हणायचं. हे शहरातल्या माणसालाही कळावं म्हणून तो प्रसंग सुरुवातीलाच घेतला. पुढे गाव त्यांना नाही नाही ते चिडवते, पंच त्यांची मैत्री तोडतात, आणि शेवटी एकाच्या लग्नात दुसरा वरातीत नाचत येतो.

आपल्या लहान्या भावाचा स्वप्निल आणि शिंप्याचा रत्नपाल काम करतात. अडचण एकच. तळ्याच्या पाळीवरून हातात हात घालून चालायला स्वप्निल तयार नाही. म्हणे, काका, पोट्टे पाहून राहिले, उद्यापासून मले बायको म्हणतीन. मी म्हटलं, मी आणि माझा मितान असेच चालत होतो, कोणाची टाप नव्हती बोलायची. हे काही खरं नाही, पण पोराला काय सांगू?

माझ्या मितानाने नारळ एका हाताने दिला होता की दोन्ही, तेवढं आठवून कळव. तू तिथं होतीस.

पिंकीला मामाचा आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू दे.
तुझा
नंदलाल


भंडारा
२४ ऑगस्ट २००४

चि. नंदलालला अनेक आशीर्वाद.

साडेबावीस फूट वाचून तुझे भाऊजी म्हणतात, याने जन्मताच सुईणीला फूटपट्टी मागितली असेल. पिंकीची परीक्षा झाली. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

नारळ दोन्ही हातांनी दिला होता. मला सगळंच आठवते गा, म्हणून फोन न करता लिहिते. फोनवर तू मधेमधे बोलतोस.

तुझ्या गोष्टीत मैत्री पंच तोडतात. कोणते पंच? १९८५ चा पोळ्याआधीचा बाजार तू विसरलास, मी नाही. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते, त्या दिवशी बाजारात आले होते. पुष्पाचे वडील लग्नासाठी तुला पाहायला आले होते, हॉटेलात चहा घेत बसले होते. तेवढ्यात तुम्ही दोघं आलात आणि ते टवाळ पोट्टे नेहमीसारखे ओरडले, आली पाहा नवरा-नवरी. तू पाहुण्यांकडे पाहिलंस आणि मोठ्याने म्हणालास, ए बिसराम, माह्या मागं मागं कायले फिरून राहिला? भर बाजारात मितानाचं नाव घेतलंस. त्याने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला हाक मारली की काय म्हणून. मग हातातली धानाची पिशवी खाली ठेवली आणि निघून गेला. पत्रात त्याचं नाव लिहायचं तू टाळतोस, बाजारात मात्र टाळलं नाहीस.

आठ दिवसांनी तो दुर्गला गेला. जायच्या आधी माझ्याकडे आला होता. म्हणाला, बाई, बाईमाणूस माह्या मनात कधी आलंच नाही, मी तसाच आहो. पण मितानाशी एक शब्द वावगा बोललो नाही, एवढं ध्यानात ठेवा. तुला सांगू नका म्हणाला, तो भिईल. एकोणीस वर्षं पोटात ठेवलं. आता तू त्याला वरातीत नाचवायला निघालास, म्हणून सांगितलं. करायचा तर खरा कर, नाही तर लग्नाच्या कॅसेटीच बऱ्या.

मागच्या बाजूला त्याचा पत्ता लिहिला आहे. राग येईल. ओसरला की लिही, तोवर माझा जीव टांगणीला.
तुझी
अन्नपूर्णाबाई


सालेकसा
९ सप्टेंबर २००४

ती. सौ. बाईस सा. न.

चार दिवस राग होता. पाचव्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं, त्यात कुठंही चूक सापडली नाही. एरवी मी शोधून काढतो.

पंचांची नऊ पानं फाडली, वरातीची सहा. आता मैत्री तोच तोडतो ज्याने तोडली होती. पुष्पाला सगळं सांगितलं. तिने विचारलं, माझे बाबा बसले होते म्हणून? मी हो म्हटलं. दोन दिवस नुसतं ताट वाढलं. मग म्हणाली, त्यांनी एवढ्यावरून लग्न मोडलं असतं तर मोडू द्यायचं होतं.

स्वप्निलने नवीन पानं वाचली आणि विचारलं, काका, म्हणजे हा माणूस खरंच तसा? मी म्हटलं, हो, तसा. आणि माझा मितानही. तो उठून घरी गेला. तिसऱ्या दिवशी आपणच आला आणि पाळीवर रत्नपालचा हात धरून उभा राहिला. म्हणे, घ्या लवकर, ऊन चाललं.

बाजाराचा प्रसंग मात्र थांबवला आहे. सगळी पानं दुर्गला पाठवली. तो नाही म्हणाला तर सिनेमा होणार नाही.

आशीर्वाद असू दे. आता तोच लागतो.
नंदलाल


दुर्ग
२६ सप्टेंबर २००४

नंदलाल यास बिसरामचा रामराम.

पानं मिळाली. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा शालीकरामला वाचून दाखवली. आम्ही दोघं मिळून सायकलचं दुकान चालवतो, एकाच घरात राहतो, बारा वर्षं झाली. तो म्हणतो, तुझा दोस्त माणूस हुशार आहे, पण उशिरा.

काढायला माझी ना नाही. माझ्या माणसाला रडका करू नको. मी रडलो नव्हतो, रागावलो होतो. त्याची चाल साधी ठेव. आणि पिशवीत धान लिहिलं आहेस, ते चूक आहे. तुझ्या रेडिओसाठी गोंदियाहून ट्रान्सफॉर्मर आणला होता. तू मोजमापाचा माणूस, म्हणून सांगतो.

माझं नाव बदलू नको. चारचौघांत एकदा घेतलंस, आता पडद्यावरही घे. लोकांना कळू दे काय केलंस.

मंडईला येईन की नाही, आज सांगत नाही. अन्नपूर्णाबाईंना नमस्कार.
बिसराम


सालेकसा
७ नोव्हेंबर २००४

मितानास नंदलालचा रामराम.

वर मितान लिहिलं आहे. चालत नसेल तर तू खोड, मी खोडणार नाही.

बाजाराचा प्रसंग आठ वेळा घेतला. दर वेळी मीच थांबवायचो, कधी उजेड कमी, कधी सावली आली. शेवटी माझं काम करणारा पुतण्या स्वप्निल म्हणाला, काका, उजेड बरोबर आहे, तुमच्यानं ऐकवत नाही. नवव्या वेळी ऐकून घेतलं. तोच ठेवला. पिशवीत ट्रान्सफॉर्मर आहे. बिसरामचं काम करणारा रत्नपाल रडत नाही, साधा चालतो.

गोंदियाला अकरा दिवस बसून सिनेमाची जोडणी केली. एकूण लांबी एक तास चौदा मिनिटं. एकवीस तारखेला, रविवारी, मंडई आहे. तुला खोटा भरवसा देत नाही. मागे बसणारे पोट्टे शिट्ट्या मारतील, कोणी उठूनही जाईल. पुष्पाने तुमच्या दोघांचं जेवण धरलं आहे. शालीकरामभाऊंना सांग, उशीर झाला हे मला मान्य आहे.

आलास तर बरं वाटेल. नाही आलास तरी तुझ्याबद्दल एक शब्द वावगा निघणार नाही.
नंदलाल

ता. क. हे सांगायचं नव्हतं, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. पत्र मिटताना मंडयांत पडदे लावणारा एक सीडीवाला आला होता. सगळा सिनेमा पाहून म्हणाला, सब बढ़िया है भाईसाब, बस उस दोस्त को थोड़ा लचकाओ, ताली बजवाओ, बाजारच्या सीनवर हसण्याचा आवाज टाका, पब्लिक लोळेल. दोन दिवसांचं काम, आणि पैसे रोख. एका लग्नाच्या शूटिंगचे मला पंधराशे मिळतात. मी मशीनमधून कॅसेट काढली आणि त्याला नाही म्हटलं. तो देत होता एकसष्ट हजार.