ऑर्गन आणि साक्षीदाराची सही

मी, एलिना फ्रेडरिक तुस्कानो, वय २९, राहणार उमेळे, वसई. जहाजावर इलेक्ट्रिकल अधिकारी म्हणून रुजू होण्यापूर्वी, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता, माझ्या पश्चात काय कोणाचे हे लिहून ठेवत आहे.

१. घरातील माझा हिस्सा व बँकेतील बचत आईला, श्रीमती सँड्रा यांना. त्यातून तिने माझी धाकटी बहीण रोवेना हिच्या लग्नाचा हॉल घेऊ नये. ही विनंती आहे. अट घातली तरी ती पाळणार नाही.

२. ऑसिलोस्कोप व मीटर मी शिकले त्या पॉलिटेक्निकला.

३. जुना जपानी इलेक्ट्रॉनिक ऑर्गन मी माणिकपूरच्या भंगारवाल्याकडून घेतला. आत उंदरांनी घर केले होते, खाऱ्या हवेने पट्ट्यांखालचे विजेचे संपर्क हिरवे पडले होते. फुगलेले कपॅसिटर बदलले, एकेक संपर्क घासला, स्वर मीटरवर जुळवले. मला वाजवता येत नाही. दुरुस्तीनंतर रोवेना वाजवायला बसली. आईने शेजारच्या थेरेसा आंटींना हाक मारली, "या, आमच्या रोवेनाचं ऐका!"

"मेला होता ना हा? उठवला कोणी?"

"एलिनाने. तिला असलं येतं," म्हणत आईने डोळे पुसले. ते पाणी माझ्यासाठी नव्हते.

४. हा ऑर्गन मी रोवेनाला देत आहे. साक्षीदार म्हणून तीच सही करील. आम्हा ख्रिस्ती लोकांत मृत्युपत्रावर साक्ष देणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, हे तिला ठाऊक नाही. दिल्याचे आईला दिसेल, मिळणार मात्र नाही. मग ऑर्गनही पॉलिटेक्निकला जावा.

५. वरील कलम खोडत नाही, कारण ते मी लिहिले होते. रोवेना आज सही करायला आली आणि आधी ऑर्गनपाशी बसली.

"एलिना, हा मधला सोलचा सूर उशिरा येतोय गं."

"येत नाही. मी मोजलाय."

"मोज ना. पण येतोय."

उघडून पाहिले. त्या पट्टीखालच्या सोल्डरच्या टाक्याला केसाएवढी चीर होती. माझ्या मीटरने तो टाका पास केला होता. तिने टॉर्च धरला आणि विचारले, "मी बरोबर ना?" मी टाका पुन्हा घातला.

वसईच्या हवेत कोणी न वाजवलेला ऑर्गन पुन्हा हिरवा पडेल. पॉलिटेक्निकमध्ये त्यावर कापड घालतील. म्हणून कलम ४ मधील साक्षीची व पॉलिटेक्निकची व्यवस्था रद्द. ऑर्गन रोवेनाचाच, सोबत माझा सोल्डरिंग आयर्न. टाका कसा घालतात ते तिने शिकावे. तिच्या कानाचा मला हेवा वाटतो. तो मी कोणाच्या नावे करत नाही.

स्थळ : उमेळे, ता. वसई, जि. पालघर
दिनांक : १२ जानेवारी २०२५

सही : एलिना फ्रेडरिक तुस्कानो

आमच्यासमोर सही झाली :
१. थेरेसा परेरा, शेजारी
२. जॉयल डाबरे, सहकारी

रोवेना पेन घेऊन आली होती. तिला सही करू दिली नाही. ती रागावून गेली आहे. कारण सांगितलेले नाही.